दुसरा रिमोट

आमच्या घरातला पहिला व्हिडिओ गेम 1996 च्या दिवाळीत आला. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात बॉयलरवर होते. बोनस झाला होता, आणि दादाने दहावीला फर्स्ट क्लास काढीन असं आईला कबूल केलं होतं. बोईसर स्टेशनाजवळच्या दुकानातून तो खोका सायकलच्या कॅरियरला बांधून कुंभवलीला आला. आत मशीन, नऊ व्होल्टचा अडॅप्टर, एक पिवळी कॅसेट, एक पिस्तूल आणि दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आम्ही फार नंतर ऐकला. टीव्हीसमोर हातात धरायचा तो रिमोट, एवढंच आम्हाला माहीत.

पहिल्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली बाणांचं अधिक चिन्ह, मध्ये सिलेक्ट आणि स्टार्ट, उजवीकडे बी आणि ए. दुसऱ्यावर अधिक चिन्ह होतं, बी होतं, ए होतं. मधली दोन बटणं नव्हतीच. तो रिमोट माझा. मी दहा वर्षांची, दादा पंधराचा. यात ठरवण्यासारखं काही नव्हतं.

आज मी कुंभवली नाक्याजवळ घरातच एका टेबलावर रिमोट दुरुस्त करते. पालघरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले, दहा-बारा वर्षं कंपनीत सोल्डरिंगच्या लाइनवर काढली, आणि आता हेच काम करते. पंचवीस-तीस वर्षांत या भागात आलेलं जवळपास प्रत्येक मशीन माझ्या हातून एकदा तरी उघडलं गेलं आहे. नवं मशीन आलं की लोक चित्र किती स्वच्छ, वेग किती, ते विचारतात. माझा पहिला प्रश्न असतो, जुना रिमोट याला चालतो का? घरात दोन मुलं असतील तर नवा रिमोट मोठ्याच्या हातात जातो आणि जुना धाकट्याच्या. जुना चालला नाही, तर धाकटं खेळत नाही.

त्या बटणांची गोष्ट आधी सांगते. आमचं मशीन नक्कल होतं, हे मला आयटीआयत कळलं. अस्सल मशीन निन्टेन्डो कंपनीचं, नाव फॅमिकॉम, जपानात 15 जुलै 1983 रोजी विक्रीला आलं. मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. अंगठ्याखालचं अधिक चिन्ह त्याच्या आधीचं, त्याच कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये हातात मावणाऱ्या एका छोट्या गेमसाठी काढलेलं. फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट मशीनला आतूनच जोडलेले असत. वायर तुटली तर मशीनचं पोट उघडावं लागे. आणि दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट खरोखरच नव्हते. त्या जागी एक बारीक माइक होता. 1986 च्या पहिल्या झेल्डा गेममध्ये मोठ्या कानांचा एक राक्षस होता, तो दुसऱ्या रिमोटच्या माइकमध्ये ओरडलं की मरायचा. जपानातल्या धाकट्या बहिणींना निदान तेवढं काम होतं. माझ्या रिमोटवर जाळीसारख्या रेघा होत्या, पण उघडून पाहिलं तर त्यामागे माइक नव्हता.

आमच्याकडे मारिओ लागायचा. दोघांचा खेळ निवडला की दादा लाल मारिओ आणि मी हिरवा लुइजी. दादा मेला की माझी पाळी. दादा मरतच नसे. एकेका पाळीला मी शेजारच्या आजीकडे जाऊन विरजण घेऊन परत यायचे. त्यामानाने रणगाड्यांचा खेळ, ज्याला आम्ही टँक म्हणायचो, तो मला जीव की प्राण होता. नामको कंपनीचा, 1985 चा. त्यात दोघं एकाच वेळी उतरायचे, दादाचा रणगाडा पिवळा, माझा हिरवा, आणि मध्ये विटांच्या भिंतीआड एक गरुड, तो दोघांनी मिळून राखायचा. पाळी नव्हती. दादाची चूक मला सावरता येत होती, आणि तसं झालं की तो मान्य करायचा.

ज्याला आज बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात, म्हणजे जुना गेम नव्या मशीनवर चालणं, ते आमच्या भागात कुणी न ठरवता पंधरा-वीस वर्षं चाललं होतं. दुकानात समुराई असे, लिटल मास्टर असे, मीडिया असे, पुढे मिताशी आलं. खोके निराळे, पण पोटात फॅमिकॉमचीच रचना. कॅसेटला साठ पिना. कुंभवलीतल्या पोराची कॅसेट सालवडच्या मशीनवर चालायची, पास्थळची आमच्यावर. निन्टेन्डोने नोव्हेंबर 1990 मध्ये जपानात सुपर फॅमिकॉम आणलं तेव्हा जुन्या कॅसेट त्याला चालत नव्हत्या. आमच्याकडे त्याची गंधवार्ताही नव्हती. आमचं जुनं जुनं झालंच नाही. एक मशीन जळालं की दुसरं यायचं आणि तीच पिवळी कॅसेट त्यात बसायची. कॅसेटवर नव्व्याण्णव लाख गेम लिहिलेले असत; आत पंधरा-वीसच, तेच ते नाव बदलून. तरी सुट्टीत त्या कॅसेटींची देवाणघेवाण म्हणजे बाजार होता, आणि दर ठरलेला होता. एक कॉन्ट्रा म्हणजे दोन सर्कस.

कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारत. फुंकरीतली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते, आणि नवापूरचा समुद्र इतका जवळ असल्यावर आमच्याकडची हवा तशीही दमट आणि खारी. पावसाळ्यात पट्ट्यांवर हिरवट थर धरायचा. मी खोडरबराने घासायचे. हे माझं पहिलं दुरुस्तीचं काम.

दुसरं काम रिमोटचं. बटणाखाली रबराची टोपी असते, टोपीच्या आतल्या तळाला काळी टिकली. ती कार्बनची. बटण दाबलं की टिकली खालच्या पाटीवरच्या दोन रेषा जोडते. रोज दाबून दाबून कार्बन झिजतो, मग ए दाबलं तरी उडी बसत नाही. कॅमलिनचा एक कारखाना आमच्याच तारापूर एमआयडीसीत आहे, त्यामुळे पेन्सिलींची घरोघर रेलचेल. मऊ शिशाची पेन्सिल टिकलीवर घासायची, बटण पुन्हा जागं व्हायचं. शिसं म्हणतो ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनच. गावातली पोरं रिमोट घेऊन माझ्याकडे येऊ लागली. दादा दारात बसून सांगायचा, ताईला वेळ लागेल, बसा.

असाच एकदा मी माझा स्वतःचा रिमोट उघडला, आणि पाटीकडे बघतच राहिले. स्टार्टची जागा होती. सिलेक्टचीही होती. तांब्याच्या रेषा त्या जागेपर्यंत आलेल्या, फक्त वर बटण नव्हतं, आणि प्लास्टिकला भोक नव्हतं. हे रिमोट आठ बटणांची खबर एकाच वायरीतून एकामागून एक पाठवतात, आणि त्या आठांत स्टार्ट-सिलेक्टची जागा धरलेलीच असते. मी तापलेल्या सळईने भोक पाडलं, मोडक्या रिमोटची टोपी आत बसवली आणि बटणाच्या जागी आईच्या ब्लाउजचं टिचबटण लावलं. मारिओ लावला. दादा खेळत असताना माझं स्टार्ट दाबलं. खेळ थांबला नाही. पुन्हा दाबलं. माझं जोडकाम बरोबर होतं, मीटरने नंतर तपासलंही. कारण मला फार उशिरा कळलं. तो गेम लिहितानाच असा लिहिला आहे की थांबण्यासाठी तो फक्त पहिल्या रिमोटचं स्टार्ट बघतो. दुसऱ्याला तो विचारतच नाही. तार जोडलेली असूनही ऐकून न घेण्याचा हा प्रकार पंचवीस वर्षांनी पुन्हा माझ्या घरात आला. तिकडे येतेच.

पिस्तुलाचं दोन ओळींत. बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळीतला डोळा तो उजेड पाहतो. काचेच्या जाड टीव्हीवर हे जमत होतं. सपाट टीव्हीत चित्र उमटण्याची रीतच निराळी, तिथे पिस्तूल आंधळं. तेव्हा जुना गेम जपायचा तर जुना टीव्हीही जपावा लागतो. माझ्याकडे एक ओनिडा आहे, अजून चालू.

2006 मध्ये दादा नोकरीला लागला आणि प्लेस्टेशन 2 आणायला आम्ही मुंबईला गेलो. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती 2013 च्या एप्रिलात सुरू झाली. शटलने विरार, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि मग लॅमिंग्टन रोड. सेकंडहँड काळं मशीन, दोन रिमोट, एक मेमरी कार्ड. ते लोडशेडिंगचे दिवस. जुन्या मशीनवर मारिओच्या आठव्या दुनियेत पोचलो आणि लाइट गेली की सगळं पाण्यात. आता आठ एमबीच्या त्या कार्डावर खेळ जिथल्या तिथे राहायचा. वीज परत आली की पुढे चालू. आमच्यासारख्या गावात त्या कार्डाचं मोल चित्रापेक्षा जास्त होतं.

ते मशीन 2000 सालच्या 4 मार्चला जपानात आलं होतं, आणि माझ्या मते रिमोटच्या बाबतीत त्याच्याइतकं समजूतदार मशीन पुन्हा झालं नाही. त्याआधीच्या, 1994 च्या पहिल्या प्लेस्टेशनचा मुख्य प्रोसेसरच सोनीने नव्या मशीनच्या आत ठेवला होता. नवा गेम चालू असला की तो रिमोट आणि मेमरी कार्डाची ये-जा सांभाळायचा. जुनी सीडी घातली की आपलं मूळ काम करायला लागायचा. रिमोटची खोबण तीच. जुन्या गेमला जुना रिमोट चालायचा, जुनं कार्डही बसायचं. बोईसरच्या ज्या गेम पार्लरमध्ये दहा रुपये तास होता, तिथल्या मालकाने जुने रिमोट टाकून न देता ड्रॉवरमध्ये ठेवले होते, आणि गर्दी झाली की जुनी कुस्तीची सीडी लावून तेच धाकट्यांच्या हातात द्यायचा. एकही पोरगं रिमोट नाही म्हणून परत गेलं नाही. बहुतेक डिस्क कॉपीच्या होत्या, हेही सांगायला हवं. मशीनला चिप बसवून त्या चालत. अस्सल डिस्कचा भाव आमच्या आवाक्यात नव्हता.

त्या रिमोटची एक खुबी फार थोड्यांना माहीत असते. त्याची मुख्य बटणं किती जोराने दाबली हे मशीनला कळायचं. हळू दाबलं तर गाडी हळू सुटायची. मेटल गियर सॉलिडच्या दुसऱ्या भागात रोखलेली बंदूक गोळी न झाडता खाली घ्यायची तर बटण अलगद सोडावं लागे. प्लेस्टेशन 4 च्या रिमोटमध्ये ही गोष्ट काढून टाकली. म्हणून जुना गेम नव्या मशीनवर आणला तरी तो पूर्ण येतोच असं नाही. बोटांची सवय मागे राहते.

आणि आपले गेम तर सगळेच मागे राहिले. 2009 मध्ये हैदराबादेत बनलेला हनुमान: बॉय वॉरियर प्लेस्टेशन 2 साठी आला. त्याच वर्षी देसी अड्डा आला, त्यात कबड्डी, पतंग, विटीदांडू. आमच्या अंगणातला विटीदांडू टीव्हीवर बघून आई पदराला हात पुसत येऊन बसली होती, आणि तिने रिमोट मागून घेतला. दुसराच. इतर देशांत लोक पुढच्या मशीनकडे वळले होते तेव्हा भारतात प्लेस्टेशन 2 जोरात होतं. डॉन 2 सिनेमावरचा गेम त्यासाठी 2013 मध्ये आला, म्हणजे सोनीने मशीन बनवणं थांबवल्याची बातमी आली त्याच सुमारास. या डिस्क मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्या आहेत. प्लेस्टेशन 4 त्या वाचत नाही, 5 वाचत नाही. जगात गाजलेले जुने गेम कंपन्या पुन्हा काढतात. कबड्डीचा गेम पुन्हा कोण काढणार? ते प्लेस्टेशन 2 बंद पडलं की तो गेलाच. म्हणून त्याची लेन्स मी दर वर्षी पुसते.

प्लेस्टेशन 3 आमच्या घरात आलं नाही. सुरुवातीच्या मशीनमध्ये प्लेस्टेशन 2 च्या चिप होत्या, पण किंमत उतरवायला सोनीने त्या काढल्या. जुने रिमोट थेट लावायला खोबणही राहिली नाही. शिवाय त्याच्या पहिल्या रिमोटमध्ये हाताला जाणवणारा हादरा नव्हता. तो 2007 च्या अखेरीला परत आला.

2016 मध्ये दादाने प्लेस्टेशन 4 घेतलं, आणि 2022 मध्ये 5. भारतात हे पाचवं मशीन 2 फेब्रुवारी 2021 रोजी आलं, किंमत 49,990 रुपये, पण तेव्हा ते मिळतच नव्हतं. भाच्याने खोका उघडला. आत रिमोट एकच. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. तिच्या हातात आपोआप जुना, प्लेस्टेशन 4 चा रिमोट आला. मी काही बोलले नाही, पण माझं लक्ष तिथेच होतं.

मशीनमध्ये आधीपासून घातलेला अॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा एक गेम असतो, एकट्याने खेळायचा. त्यात जुनी प्लेस्टेशन, जुने रिमोट, मेमरी कार्डं वेचून एका खोलीत मांडायची असतात. भाचा ओरडला, "आत्या, हे बघ तुझं काळं मशीन!" पडद्यावर प्लेस्टेशन 2 उभं होतं, अगदी कडेच्या खाचांसकट. मला भरून आलं. पण त्या काळ्या मशीनची डिस्क या नव्या मशीनमध्ये घातली तर चालत नाही, हेही तेव्हाच मनात आलं.

मग दोघांसाठी सॅकबॉय हा गेम लावला. लेकीचा रिमोट जोडला गेला, त्यावरची पट्टी उजळली, मशीनने त्याला ओळखलं. खेळ सुरू झाल्यावर मात्र पडद्यावर आलं की हा रिमोट या गेमला चालणार नाही. नियम असा आहे: प्लेस्टेशन 5 वर प्लेस्टेशन 4 चे जवळपास सगळे गेम चालतात, आणि त्यांना जुना रिमोट चालतो. प्लेस्टेशन 5 साठीच्या गेमला तो चालत नाही. सोनीने 2020 मध्येच सांगितलं होतं की नव्या गेमांनी नव्या रिमोटच्या गुणांचा लाभ घ्यावा, म्हणून हे असं. त्याच सुमारास आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्सला मागच्या एक्सबॉक्सचे रिमोट नव्या गेमसाठीही चालतात, आणि कित्येक जुन्या डिस्कही. तेव्हा हे होऊ शकत नाही असं नाही. लेक दोन्ही हातांत रिमोट धरून माझ्याकडे बघत होती. तार जोडलेली, आणि तिला विचारतच नाही.

त्या रात्री मी वाट शोधली. इट टेक्स टू हा 2021 चा गेम, स्वीडनच्या लोकांनी केलेला, दोघांशिवाय सुरूच होत नाही. त्याची प्लेस्टेशन 4 ची आवृत्ती नव्या मशीनवर घातली की जुना रिमोट चालतो. तीच पाचची लावली की नाही. पाच-सहा महिने दोघं जुनी आवृत्ती खेळले. चित्रात फारसा फरक मला तरी दिसला नाही.

नव्या रिमोटला मी वाईट म्हणणार नाही. बिघडलेला एक माझ्या टेबलावर आला तेव्हा तो उघडून मी अर्धा दिवस नुसती बघत बसले होते. जुन्या रिमोटमध्ये हादरा यायचा तो मोटरच्या दांड्याला एका बाजूला जड वजन लावून. सगळा रिमोट एकसारखा घरघरायचा. इथे स्पीकरमध्ये असते तशी कॉइल, दोन्ही मुठींत एकेक. म्हणून वाळूवर चालताना वेगळं लागतं, काचेवर वेगळं. चापाच्या मागे बारीक मोटर, तिच्यावर आटे, आट्यांना दातेरी चाक, आणि चाकाचा दांडा चापाला आतून रेटतो. धनुष्य ओढताना बोटाला ताण लागतो तो हा. आणि माइक आहे. 1983 च्या दुसऱ्या रिमोटवरचा माइक सदतीस वर्षांनी प्रत्येक रिमोटमध्ये आला.

पण अंगठ्याने फिरवायची काठी बघितली आणि मला हसू फुटलं, ओळखीचं माणूस भेटावं तसं. तिच्या दोन्ही बाजूंना पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत असतो तोच भाग. आत कार्बनची पट्टी, तिच्यावर घासणारी धातूची जीभ. घासून कार्बन झिजतो आणि हात न लावता माणूस पडद्यावर एका बाजूला सरकत राहतो. पेन्सिलीने हे सुटत नाही, अख्खा भाग बदलावा लागतो, चौदा टाके उतरवून. चुंबकाने चालणारी, न घासणारी काठी सेगाच्या ड्रीमकास्टला 1998 मध्येच होती. सहा हजारांच्या रिमोटमध्ये ती असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. आता बाहेरच्या बनावटीचे चुंबकी भाग मिळतात, मी तेच बसवते.

दुकानातून नवा दुसरा रिमोट आणणं दादाला जड नव्हतं. पण मीच म्हटलं, थांब. ग्रँट रोडवरून एक मेलेला मिळवला, पांढरा, डावी काठी सरकणारी, चार्जिंगची खोबण तुटलेली. तीन रात्री लागल्या. दोन्ही काठ्या चुंबकाच्या घातल्या, खोबण बदलली, चापाच्या दातेरी चाकाला ग्रीस लावलं.

रविवारी सॅकबॉय पुन्हा लावला. पडद्यावर काही आलं नाही, दोन बाहुल्या शेजारी शेजारी उतरल्या. भाचा पुढे धावला, लेक मागून. निम्म्या वाटेत तिने उजवीकडचं ऑप्शन्सचं बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं, भाच्याची बाहुली उडीतच हवेत.

"काय झालं?" तो म्हणाला.

"पाणी पिऊन येते," म्हणाली, आणि रिमोट चटईवर ठेवून आत गेली.